वजनावरची गादी, इंचावरची गादी

व्यापारी कुटुंबात ‘गादी’ या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. पेढीची गादी म्हणजे घराण्याची पत आणि घरातील गादी म्हणजे दिवसभराच्या उलाढालीनंतरचा विसावा. पहिलीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या दक्ष राहिलेली घरेही दुसरी घेताना मात्र पुष्कळदा केवळ जाडी आणि किंमत पाहून व्यवहार उरकतात.

पूर्वी असे नव्हते. पिंजारी दारी येई, कापूस तोलला जाई आणि गादीत किती किलो कापूस भरला, हे घरच्यांच्या डोळ्यांदेखत ठरे. आज मेमरी फोमची गादी इंचावर विकली जाते: सहा इंच, आठ इंच, दहा इंच. वजन कोणी विचारत नाही, आणि खरे मोल तर तेथेच दडलेले असते. त्या दडलेल्या वजनाचे नाव घनता.

मेमरी फोमचा जन्म १९६६ साली, अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी विमानातील आसने अधिक सुरक्षित करण्याच्या प्रयत्नांतून झाला. शरीराच्या उबेने आणि भाराने तो हळूहळू दबतो, अंगाचा आकार घेतो आणि भार उठताच सावकाश पूर्ववत होतो. हा गुण किती वर्षे टिकेल, हे बऱ्याच अंशी घनतेवर अवलंबून असते.

एक घनमीटर फोमचे किलोमध्ये जे वजन, ती त्याची घनता. फोम म्हणजे हवेच्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांची जाळी. जाळीत द्रव्य अधिक असेल, तर ती रोजचा भार दीर्घकाळ सोसते. द्रव्य कमी असेल, तर लवकर थकते आणि कमरेच्या जागी खळगा पडतो. साधारणपणे ५० पेक्षा कमी घनतेचा मेमरी फोम हलका, ५० ते ८० दरम्यानचा मध्यम आणि ८० च्या वरचा भारी समजला जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. भारी फोमही मऊ असू शकतो आणि हलका फोमही ताठ. म्हणून दुकानात हाताने दाबून मऊपणा कळतो, टिकाऊपणा कळत नाही.

दुसरी गोष्ट थरांची. ‘आठ इंची मेमरी फोम गादी’ याचा अर्थ आठही इंच मेमरी फोम असा नसतो. बहुधा वर एक ते तीन इंचांचा मेमरी फोम आणि खाली साध्या फोमचा आधार असतो. तेव्हा प्रत्येक थराची जाडी आणि घनता स्वतंत्र विचारावी. वरचा थर उत्तम असला, तरी खालचा पाया कच्चा असल्यास गादी बसतेच.

सांगितलेला आकडा ताडून पाहणे व्यापाऱ्याला अवघड नाही. सहा फूट लांब व तीन फूट रुंद गादीतील दोन इंचांचा थर म्हणजे बरोबर तीन घनफूट. घनता ५० असेल, तर त्या थराचे वजन सुमारे सव्वाचार किलो भरते. ८० असेल, तर पावणेसात किलोंच्या आसपास. खाली ३२ घनतेचा चार इंची आधार असल्यास त्याचे साडेपाच किलोंच्या जवळपास. पहिल्या हिशेबाने खोळ सोडून अख्खी गादी पावणेदहा किलोंच्या घरात हवी. ती फारच हलकी भरली, तर प्रश्न विचारण्यास जागा आहे. मात्र वजन जुळले म्हणजे सारे जुळले, असेही नाही. काही फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवता येते आणि त्या वजनाने बळकटी येत नाही. म्हणून घनतेचा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

अधिक घनता सर्वांनाच हितकर, असेही मानू नये. भारी फोम उष्णता अधिक धरून ठेवतो, कूस बदलताना सावकाश प्रतिसाद देतो आणि उचलून गादी फिरवायलाही जड जातो. रोज वापरणाऱ्या भारदस्त देहाच्या व्यक्तीस वरचा थर मध्यम ते भारी असणे श्रेयस्कर. कूस बदलताना कष्ट होणाऱ्या वृद्धांसाठी मात्र अंगाला फार खोल रुतवून घेणारी गादी टाळावी. खरेदीपूर्वी त्यांनी स्वतः निजून, उठून पाहावे. पाहुण्यांच्या खोलीत क्वचित वापरायच्या गादीस हलका फोम पुरतो. तेथे जादा पैसे गुंतवणे हा तोट्याचाच सौदा.

हमीपत्रही वाचून घ्यावे. दहा वर्षांची हमी ऐकायला मोठी वाटते. पण खळगा किती खोल पडल्यास ती लागू होते, ही ओळ आत असते. त्याहून उथळ खळगा पाठीला जाणवला, तरी कागदाला जाणवत नाही.

माल तोलल्याशिवाय घ्यायचा नाही, ही पेढीवरची शिस्त. आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा ज्या वस्तूवर जातो, तिच्या खरेदीतही तीच शिस्त असावी. जाडी डोळ्यांना दिसते. घनता विचारावी लागते.