काय केलंच न्हाई बगा

फोन साधारण सकाळी अकराच्या पुढे येतो. सौदे आटोपलेले असतात, शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले असतात, आणि पलीकडून आवाज येतो, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर उडालं."

"उडालं म्हणजे काय झालं? बंद पडलं, अडकलं, की आकडा चुकीचा दाखवतंय?"

क्षणभर शांतता. मग ठरलेलं वाक्य. "काय केलंच न्हाई बगा. आपोआप झालं."

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी मी हिशोबाचे प्रोग्रॅम लिहिते. हळद, बेदाणा, गूळ. माल उतरला, तोलला, विकला, की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली पाहिजे. इंटरनेट असो वा नसो. म्हणून माझे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, दुकानातल्या मशीनवरच बसतात. सुरुवात डॉसवरच्या फॉक्सप्रोत केली, मग व्हिज्युअल बेसिक ६ आलं, पुढे डॉटनेट. व्हीबी ६ हे १९९८ सालचं. त्यात लिहिलेले माझे दोन प्रोग्रॅम आजही रोज पट्ट्या काढतायत, याचा अभिमान वाटावा की लाज, ते अजून ठरलेलं नाही.

चुकांचे माझ्या लेखी दोनच प्रकार. बोंब मारणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या.

बोंब मारणाऱ्या मला आवडतात. नवं मशीन आणलं, प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर चौकट आली की एमएसकॉमसीटीएल नावाची ओसीएक्स फाइल नोंदलेली नाही किंवा सापडत नाही. मालक हादरतात. पण त्या चौकटीनं फाइलचं नावच सांगितलंय, आणखी काय हवं? पडद्यावरच्या याद्या नि तक्ते माझा प्रोग्रॅम स्वतः काढत नाही, त्यासाठी तो हा तयार भाग उसना घेतो. माझ्या मशीनवर तो व्हीबीबरोबर आपसूक आलेला असतो, दुकानातल्या मशीनवर नसतो. फाइल नेऊन ठेवायची, रेगएसव्हीआर३२ या आज्ञेनं तिची नोंद करायची, झालं. अडचण एवढीच, की ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फायली असतात आणि ३२ बिटांच्या फायली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात. जुन्या प्रोग्रॅममध्ये 'सिस्टिम३२' हे नाव पक्कं लिहिलेलं होतं, ते मोडू नये म्हणून असं करावं लागलं, हे मला माहीत आहे. तरी ही नावं ठेवणाऱ्याला मी अजून नावं ठेवते.

'अडकलं' ही तक्रार मधली. ती समजायला खिडकी समजली पाहिजे. प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एका खिडकीवर बसलेला एकटा कारकून समजा. कळ दाबली, माउस हलला, वरची चौकट बाजूला झाली तेव्हा स्वतःला पुन्हा रंगव, अशा चिठ्ठ्या विंडोज त्याच्या पुढ्यात टाकत राहतं. तो एक चिठ्ठी उचलतो, काम उरकतो, पुढची उचलतो. हे इतकं भराभर चालतं की आपल्याला वाटतं पडदा आपल्याशी बोलतोय. आता एका चिठ्ठीवर 'वर्षाची खतावणी कर' असं असलं तर? कारकून उठून आतल्या खोलीत जातो. बाहेर चिठ्ठ्यांचा ढीग. पाच सेकंद कोणी चिठ्ठी उचलली नाही, की विंडोज त्या खिडकीवर तिच्यासारखाच दिसणारा फिकट पडदा ओढतं आणि माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. आत काम नीट चाललेलं असतं. पण दिवाणजींना ते कुठून कळणार? ते मशीनचं बटण दाबून धरतात, आणि अर्धवट लिहिलेली फाइल मोडते.

व्हीबीत यावर 'डूइव्हेंट्स' असा एक शब्द आहे. तो लिहिला की कारकून काम थांबवून खिडकीशी येतो, साठलेल्या चिठ्ठ्या निपटतो आणि परत आत जातो. मी तो दर शंभर नोंदींमागे टाकला. पडदा जिवंत राहायला लागला, मला धन्य वाटलं. पडदा जिवंत म्हणजे त्यावरचं बटणही जिवंत, हे मात्र डोक्यात आलं नाही. एका मार्चअखेरीला दिवाणजींनी 'खतावणी' दोनदा दाबलं. पहिली खतावणी अर्ध्यात थांबली, तिच्या पोटात दुसरी सुरू होऊन पुरी झाली, मग पहिली उरलेली पुढे चालू. सगळ्यांच्या खात्यांवर रकमा दुप्पट. सगळ्यांच्याच दुप्पट, म्हणून निदान लगेच सापडलं. तेव्हापासून मोठ्या कामाची माझी पहिली ओळ बटण बंद करण्याची असते. डॉटनेटमध्ये खतावणीसाठी आतल्या खोलीत वेगळा माणूस बसवता येतो, त्याला थ्रेड म्हणतात. तिथला नियम असा, की खिडकीला हात फक्त खिडकीवरच्यानं लावायचा. आतल्याला काही दाखवायचं असेल तर त्यानं चिठ्ठीच पाठवायची. नियम मोडला तर चाचणी करतानाच डॉटनेट चूक दाखवून थांबतं. बोंब मारतं, म्हणजे बरं.

आता गप्प बसणाऱ्या चुका. एका दुकानात तक्रार अशी, की महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बारा तारखेपर्यंतचा रोजमेळ जुळत नाही, तेराव्या तारखेला आपोआप बरा होतो. ताप यावा आणि उतरावा तसा. मी तीन वेळा जाऊन आले, दर वेळी महिन्याच्या उत्तरार्धात, आणि दर वेळी सगळं ठीक. शेवटी ३ तारखेला गेले. माझा प्रोग्रॅम माहिती शोधताना तारीख हॅशच्या दोन खुणांमध्ये लिहून अॅक्सेसच्या जेट इंजिनकडे पाठवत होता, ०३/०४ अशी, म्हणजे ३ एप्रिल. जेट अशी तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचतं, महिना आधी. त्याला ती ४ मार्च वाटत होती. आणि १३/०४? तेरावा महिना नसतो म्हटल्यावर ते निमूटपणे उलटं वाचून १३ एप्रिल समजत होतं. कुठे चौकट नाही, इशारा नाही. एप्रिलमध्ये ४ तारखेचा हिशोबही बरोबर यायचा, कारण ०४/०४ कुठूनही वाचा, तेच. हे मला घरी का दिसलं नाही, तर चाचणी मी २२ तारखेला केली होती. आता वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहून पाठवते. ते कोणी उलटं वाचत नाही.

पण ज्या चुकीनं माझी झोप उडाली ती २०१० ची. एका अडत्यांकडे जुनं एक्सपीचं मशीन काढून विंडोज ७ चं नवं आलं. मी प्रोग्रॅम बसवला, जुना डेटा त्याच फोल्डरात ठेवला, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये, जसा दहा वर्षं ठेवत आले होते. मालकांच्या मुलानं हौसेनं मशीनवर दोन खाती उघडली होती, एक वडिलांचं, एक दिवाणजींचं. पंधरा दिवसांनी फोन. "ताई," हे दिवाणजी, सत्तरीचे, मला मॅडम न म्हणणारे एकटेच, "मी दिवसभर पट्ट्या चढवतो आणि मालक रात्री बघतात तर एकपण नसती. ते म्हणतात तुम्ही कामच करत नाही."

गेले. दिवाणजींच्या खात्यात उघडलं, त्यांच्या सगळ्या पट्ट्या जागेवर. मालकांच्या खात्यात उघडलं, त्यातली एकही नाही, पण मालकांनी स्वतः घातलेल्या आहेत. म्हटलं, बॅकअप बघू. मुलगा रोज रात्री प्रोग्रॅमचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. तो उघडला, तर त्यात ना दिवाणजींच्या पट्ट्या ना मालकांच्या. फक्त मी मशीन बसवलं त्या दिवसापर्यंतच्या. एका दुकानात तीन वह्या, आणि कुठल्याही दोन जुळत नाहीत. दिवाणजी माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की जणू मी त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीवर उठले होते.

प्रोसेस मॉनिटर नावाचं एक फुकट साधन आहे. कुठला प्रोग्रॅम कुठल्या क्षणी कुठल्या फाइलला हात लावतो, ते ओळीनं दाखवतं. ते चालू करून फक्त डेटाच्या फाइलवर नजर ठेवली. प्रोग्रॅम मागत होता 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली फाइल, आणि हात लागत होता भलत्याच ठिकाणी, दिवाणजींच्या स्वतःच्या खात्यात खोल आत, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात. मग उलगडलं. व्हिस्टापासून साध्या अधिकारानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण माझ्यासारख्यांनी लिहिलेले हजारो जुने प्रोग्रॅम तिथेच लिहायचे. ते धडाधड बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांना फसवतं: लिहायला दिलं असं भासवतं, आणि फाइलची नक्कल त्या-त्या माणसाच्या खात्यात करून तिच्यात लिहू देतं. मालकांची नक्कल वेगळी, दिवाणजींची वेगळी, मूळ फाइल जिथल्या तिथे, हात न लागलेली. पेनड्राइव्हवर जात होती ती हीच. त्या फोल्डरात वर 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स' असं एक लहान बटण दिसत होतं, त्याच्या मागे ही सगळी कथा होती. पंधरा दिवसांत ते कोणी दाबलं नव्हतं; त्यात मी पण आले.

एवढी सभ्य फसवणूक मी दुसरी पाहिलेली नाही. त्या दिवशी प्रोग्रॅम सरळ आपटला असता तर मी पाच मिनिटांत जागा बदलली असती.

डेटा 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरात हलवला. त्यातही एक गोम आहे: तिथे एकानं केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येत नाही, तेव्हा बसवतानाच सगळ्यांना परवानगी द्यावी लागते. खरं काम पुढेच होतं. मालक आणि दिवाणजी, दोघांच्याही पट्ट्या ४१२ नंबरपासून सुरू झालेल्या. शेतकऱ्यांच्या हातात त्या छापून गेलेल्या, नंबर बदलायची सोय नाही. दोन रात्री दिवाणजी आणि मी समोरासमोर बसून मालकांच्या पट्ट्यांना पुढे 'अ' जोडत गेलो. ४१२ अ, ४१३ अ. तिसऱ्या दिवशी मालकांनी चहा मागवला आणि पहिला कप दिवाणजींपुढे सरकवला.

दिवाणजींनी माझी आणखी एक चूक पकडली होती, पेन्सिलीनं. तोलाई साडेबारा आली की प्रोग्रॅम बारा धरतो आणि साडेतेरा आली की चौदा. मी म्हटलं, शक्यच नाही. निघालं खरं. व्हीबीचं 'राउंड' बरोब्बर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे वळतं. लांबलचक बेरजांमध्ये कल एकाच बाजूला झुकू नये म्हणून ती रीत चांगली आहे, पण यार्डात पन्नास पैसे म्हणजे वर, हा नियम. तो मी वेगळा लिहिला.

शेतकऱ्यांची नावं मराठीत हवीत, यावर तर स्वतंत्र लेख होईल. व्हीबी ६ च्या साध्या चौकटींना युनिकोड दाखवता येत नाही, आणि देवनागरीला विंडोजच्या जुन्या आठ बिटांच्या तक्त्यांत जागाच दिलेली नव्हती. परिणाम: नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. त्या काळी आम्ही सगळ्यांनी इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवणारे फॉन्ट वापरून वेळ मारून नेली. आता तीच नावं कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवतं तेव्हा मुखवटा गळून पडतो आणि पलीकडे कचरा उमटतो.

आणि एक कबुली. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ मी तरुणपणी सढळ हातानं वापरली. अर्थ: चूक झाली तरी गप्प राहा आणि पुढची ओळ चालव. गिऱ्हाइकासमोर चौकट नको, ही त्यामागची बुद्धी. त्या ओळीमुळे प्रिंटर बंद असतानाही पट्टी 'छापली' म्हणून नोंदली जायची. आता ती जिथे सापडेल तिथून काढते आणि चूक तारखेसह एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहवते. फोन आला की आधी म्हणते, ती फाइल पाठवा.

परवा पाठवायला सांगितली तर कोरी आली. "मॅडम, पट्टी निघंना. काय केलंच न्हाई बगा."

"नवा प्रिंटर जोडला का?"

"न्हाई."

"त्याच मशीनला धाकट्याचा लेझर आहे ना, मागच्या खोलीत? त्यावर काल काही छापलं?"

मागे कुजबुज. "पोरीच्या कॉलेजचा प्रोजेक्ट काढला हुता. पर त्यो प्रिंटर वायला हाय की."

विंडोज १० मध्ये अशी एक सोय आहे, की शेवटी ज्यावर छापलं तोच मुख्य प्रिंटर मानायचा. माझा प्रोग्रॅम मुख्य प्रिंटरला विचारतो, नाव घेऊन विचारत नाही. तेवढा आळस मी केलेला. म्हटलं, मागच्या खोलीत जाऊन बघा. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, चपलांचा आवाज, बराच वेळ काही नाही.

"मॅडम," मालक परत आले, "सतरा पट्ट्या हितं पडल्यात."