गाड्या पुढे, कोंडी मागे

रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईला परतताना हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागतात, पाठोपाठ आपले. मग वीस मिनिटं फर्स्ट-सेकंड गिअर. मागच्या सीटवरून 'ॲक्सिडेंटच असणार' असा निकालही येतो. आणि एकदम रस्ता मोकळा! ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. मग अडलं कशाने?

लाटेने. गाड्या मुंबईकडे जात होत्या, लाट पुण्याकडे.

१९५५ मध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम या ब्रिटिश गणितज्ञांनी नदीच्या पुराबरोबर गर्दीच्या रस्त्याचंही गणित मांडलं. पाया साधा: गाड्या रस्त्यात उगवत नाहीत की गडप होत नाहीत. पण गर्दी वाढली की वेग घटतो, इथे गोम आहे. विरळ भागातल्या वेगवान गाड्या दाट भागाच्या शेपटाला येऊन भिडतात आणि मोकळा रस्ता नि कोंडी यांच्यात उभा कडाच तयार होतो. हाच आघात-तरंग. स्वनातीत विमानापुढे हवाही अशीच दाटते.

कड्याचा वेग कागदावर काढता येतो. समजा, मागून ताशी ८० किलोमीटरने गाड्या येताहेत, दर किलोमीटरला २०. म्हणजे तासाला १६००. कोंडीत दर किलोमीटरला १००, वेग ताशी ४. म्हणजे तासाला ४००. तासाला १२०० गाड्या तुंबल्या. कोंडी एक किलोमीटर मागे वाढली की ८० जादा गाड्या मावतात. १२०० भागिले ८०: कडा ताशी १५ किलोमीटरने मागे सरकणार.

मात्र कोंडी मुळात का जन्मते, हे या गणितातून कळत नाही. ते दाखवलं जपानच्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या होत्या. सूचना एवढीच, ताशी ३० च्या आसपास चालवा. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने उलटी फिरू लागली. कुणी जरा हळू झाला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, बस्स.

पुढे अमेरिकेत अशाच वर्तुळात एकच स्वयंचलित गाडी अंतर राखून एकसारख्या वेगाने चालवली, तेव्हा बाकी वीसेक गाड्यांमधली लाट विरून गेली.