तलवारीला चिठ्ठी बांधताना
लेखांक ७

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पांढरकवड्याकडच्या एका घरी ओसरीवर बसलो होतो. पोत्यावर घरची तलवार आडवी ठेवलेली, आणि नातू पॉलिश पेपरनं पातं घासत होता. जरा थांब, म्हणालो. आजी आतून म्हणाल्या, "घासल्याबिगर चमकन कशी बापा? देवापुढं ठेवाची हाये."

आजींचा भाव खरा होता. पण मुठीजवळच्या दोन बोटं जागेत, जिथे पेपर अजून पोचला नव्हता, तिथे पोलादात पाण्यावर उठाव्यात तशा बारीक लहरी दिसत होत्या. हाच तो जौहर. मूळ पोलादाच्या घडणीतून तो उमटतो. बाकीच्या पात्यावर आता नुसती चकाकी उरली होती. मला फार वाईट वाटलं.

या भागात अशी हत्यारं माळ्यावर का सापडतात, याला इतिहास आहे. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सच्या इंग्रज फौजेनं दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या सैन्याचा पराभव केला. दीड महिन्यानं बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला आणि हजारो शिलेदारांची चाकरी संपली. पुढे १८७८ च्या कायद्यानं शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला. घरोघरच्या तलवारी मग देवघरात, कणगीत, आढ्याला गेल्या, नाहीतर लोहाराच्या भट्टीत जाऊन त्यांचे विळे झाले.

अशा विखुरलेल्या वस्तूंचं संग्रहालय कसं होतं, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा धडा पुण्याच्या दिनकर केळकरांचा. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या या माणसाचं घरचं दुकान चष्म्यांचं. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाई सोबतीला होत्या. अडकित्ते, दिवे, वाद्यं, ढाली-तलवारी, जे मिळेल ते. कोथरूडचा मस्तानी महाल तर त्यांनी सुटा करून आणून पुन्हा उभा केला. १९६० पर्यंत संग्रह पंधरा हजारांच्या घरात गेला. पुढे तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि संग्रहालयाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. आयुष्यभर जमवलेलं आपल्या हातानं लोकांच्या हवाली करणं मला जमवण्याहून कितीतरी कठीण वाटतं.

आपल्या जिल्ह्यालाही ही वृत्ती परकी नाही. य. खु. देशपांड्यांनी यवतमाळला शारदाश्रम उभारून महानुभावांच्या पोथ्या आणि जुने कागद जपले. शस्त्रं बघायची तर नागपूरचं संग्रहालय, म्हणजे अजब बंगला जवळ, १८६३ चा.

कायद्याची भीती मात्र अनेक घरांत आहे, आणि त्या भीतीपोटी वस्तू भंगारात जातात. म्हणून सांगतो. जुन्या घाटाची, पुरातन मोलाची वा मोडकी, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणारी वस्तू १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ नुसार सुटीत येते. बंदूक चालण्याजोगी असेल तर परवान्याचं पोलिसांना विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.

सांभाळायला फारसं काही लागत नाही. पात्याला उघडा हात लावू नका, घामातल्या मिठानं गंज धरतो. मऊ फडक्यानं तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात म्यानातून काढून ठेवा, कारण चामडं ओल धरतं. आणि वहीत नोंद करा: लांबी, कुणाकडून आली, काय तुटलंय. नोंद नसली की दोन पिढ्यांनी कुणाची कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी नातवानं पेपर बाजूला ठेवला. आम्ही टेपनं पातं मोजलं, परजेचा एक तुटका कोपरा लिहून घेतला. ही तलवार शिवणीच्या लढाईतली, असं आजींचे सासरे सांगत. त्याला पुरावा काही नव्हता. नातू म्हणाला, मग लिहू की नको? मी म्हणालो, लिही, पण वेगळ्या ओळीत. त्यानं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलं, "घरचं सांगणं", पुढे आजींच्या सासऱ्यांचं नाव, आणि सुती दोऱ्यानं चिठ्ठी मुठीला बांधली. दुसऱ्या दिवशी पूजा तशीच झाली, चिठ्ठीसकट.