राउटर चालू होताना खराब ब्लॉकचं काय होतं?

दुकानातून नवाकोरा राउटर आणला, तेव्हाच त्याच्या मेमरीतला काही भाग खराब असू शकतो. यात कुणी फसवलेलं नाही. नँड फ्लॅश ही मेमरी विकलीच जाते तशी. नेहमी दिसणारी १ गिगाबिटची चिप घ्या. तिच्यात १२८ किलोबाइटचे १०२४ ब्लॉक असतात आणि डेटाशीटमध्ये हमी असते साधारण १००४ चांगल्या ब्लॉकची. म्हणजे २० खराब निघाले तरी चिप ‘पास’. एकही ब्लॉक खराब नको असा हट्ट धरला तर किंमत कुठल्या कुठे जाईल.

खराब ब्लॉक ओळखायचा कसा? पुसलेल्या फ्लॅशमध्ये प्रत्येक बाइट ‘एफएफ’ असतो. प्रत्येक पेजला डेटाशिवाय थोडी जादा जागा असते, २०४८ बाइटच्या पेजला ६४ बाइट. कारखान्यात नापास झालेल्या ब्लॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेजवर, या जादा जागेत, एफएफ सोडून दुसरं काहीतरी लिहिलेलं असतं. एवढीच काय ती खूण.

तुमच्या फोनला ही डोकेदुखी नाही. त्यातल्या ईएमएमसी किंवा यूएफएस चिपच्या आत छोटा कंट्रोलर बसलेला असतो, तो खराब ब्लॉक गुपचूप बदलून टाकतो. पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, २००८ च्या एचटीसी ड्रीममध्ये, मात्र कंट्रोलर नसलेली नँडच होती. आजही बऱ्याच राउटरमध्ये तीच असते, आणि तिथे सगळा भार सॉफ्टवेअरवर येतो.

आता खरी अडचण. पॉवर दिल्यावर सगळ्यात आधी प्रोसेसरच्या आतला रॉम कोड चालतो. तो प्रोसेसर बनतानाच कोरलेला, नंतर बदलता येत नाही. त्याला फाइल सिस्टिम वगैरे कळत नाही. तो ठरलेल्या जागी जाऊन बूटलोडर शोधतो. ती ठरलेली जागाच खराब झाली तर? चिप बनवणारे बहुधा फक्त ब्लॉक शून्यची हमी देतात, तीही चिप नवी असताना. म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स प्रोसेसरचा रॉम पहिल्या चार ब्लॉकमध्ये शोध घेतो आणि बोर्ड बनवणारे छोट्या बूटलोडरच्या चार प्रती तिथे लिहून ठेवतात. एक गेली तर दुसरी.

पुढे यू-बूटसारखा मोठा बूटलोडर येतो. तो हुशार आहे, पण त्याची पद्धत साधीच: खराब ब्लॉक दिसला की ओलांडून पुढच्यात जायचं. एसटीत सात नंबरची सीट मोडलेली आहे म्हणून सातपासूनचे सगळे प्रवासी एकेक सीट मागे सरकले, असं समजा. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनीही सात नंबर सोडला तरच हिशोब जुळतो. एकाने सोडला, दुसऱ्याने नाही, की राउटर अडकलाच.

एका राउटरच्या नँडची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्यावर टाकली की तो बंद पडू शकतो, त्याचं कारण हेच. दोघांचे खराब ब्लॉक वेगळ्या ठिकाणी असतात. आणि मागे सरकायला जागाही हवी. ४ मेगाबाइटच्या कर्नलला ३२ ब्लॉक लागतात. पार्टिशन बरोबर ४ मेगाबाइटचं केलं आणि त्यात एक जरी ब्लॉक खराब निघाला, तर शेपूट बाहेर. ५ मेगाबाइट दिले तर आठ ब्लॉक हाताशी राहतात. माझ्या मते इथे कंजुषी करणं वेडेपणा आहे.

लिनक्स सुरू झाल्यावर यूबीआय नावाचा थर सूत्रं हातात घेतो. तो राखीव ब्लॉक बाजूला ठेवतो आणि बिट उलटायला लागलेल्या ब्लॉकमधला डेटा आधीच दुसरीकडे हलवतो. याला तिथे ‘स्क्रबिंग’ म्हणतात. गंमत म्हणजे यू-बूटमध्ये ‘नँड स्क्रब’ ही कमांड आहे आणि तिचं काम भलतंच: ती कारखान्याच्या खुणांसकट सगळं पुसते. त्या खुणा परत आणता येत नाहीत. कुठल्याही व्हिडिओत ‘एरर आली तर नँड स्क्रब मारा’ असं सांगितलं तर तिथेच थांबा. ‘नँड इरेज’ वापरा, ती खराब ब्लॉकला हात लावत नाही.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘डीमेसेज’ कमांडमध्ये ‘बॅड इरेजब्लॉक’ शोधा. एक-दोन ओळी दिसल्या तर निवांत राहा, त्या बहुधा पहिल्या दिवसापासूनच्या आहेत. आकडा कुठेतरी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो वाढलेला दिसला तर सेटिंगचा बॅकअप त्याच दिवशी घ्या.