टॉवर नसलेल्या विमानतळावर काय बोलायचं?

अमेरिकेत सर्वांना खुले असलेले विमानतळ सुमारे ५,००० आहेत आणि त्यांपैकी टॉवर असलेले जेमतेम पाचशेच्या आसपास. बाकी ठिकाणी ‘उतरा’, ‘थांबा’, ‘तुमचा नंबर दुसरा’ असं सांगणारं कुणीही नसतं. तरी तिथे दिवसभर विमानं चढत-उतरत असतात. शिकाऊ पोरं चकरांवर चकरा मारतात, मधूनच एखादं बिझनेस जेट येऊन टेकतं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायला फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींची बोलण्याच्या बाबतीत बहुधा अशाच ठिकाणी तारांबळ उडते. विमान हाताखाली आलेलं असतं, पण बटण दाबलं की शब्द फुटत नाही.

टॉवरशी बोलताना आपण परवानगी मागतो. इथे ती देणारं कुणी नाही, म्हणून मागायचं काही नसतं, फक्त कळवायचं असतं. घाटातल्या आंधळ्या वळणावर ट्रकवाला हॉर्न देतो, तेवढ्याने रस्ता काही त्याच्या मालकीचा होत नाही. तसंच हे. आणि ऐकणारा कोण? ज्याला तुमचं विमान अजून दिसलेलं नाही, जो या गावात कदाचित पहिल्यांदाच आलाय आणि ज्याचे दोन्ही हात स्वतःच्या विमानात गुंतलेत असा दुसरा वैमानिक. एकदा ऐकून त्याला तुमच्याकडे मान वळवता आली, तर बोलणं कामी आलं. उच्चार कितीही फर्डा असला आणि मान कुठे वळवायची ते कळलं नाही, तर ते बोलणं वाया गेलं.

अशा प्रत्येक विमानतळाला एक सामाईक फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते. वैमानिक तिला ‘सीटॅफ’ म्हणतात. पण फ्रिक्वेन्सी मोजक्या आणि विमानतळ हजारो, त्यामुळे १२२.७, १२२.८, १२३.० अशा आकड्यांवर कित्येक गावं एकत्र नांदतात. या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणजे जितकं उंच जावं तितकं लांबचं ऐकू येतं. ३,००० फुटांवर रेडिओचं क्षितिज साठ-पासष्ट सागरी मैलांपर्यंत पोचतं. म्हणून ‘मी फायनलवर आहे’, म्हणजे धावपट्टी समोर ठेवून उतरायला येतोय, हे वाक्य एकाच वेळी चार गावांत ऐकलं जातं आणि चौघांनाही वाटतं, आपल्याच मागे कुणीतरी आहे! विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटीही घ्यायचं, असा संकेत पडला तो यामुळे. सुरुवातीचं नाव बऱ्याचदा बटण दाबण्याच्या घाईत कापलं जातं. तेव्हा शेवटचं उपयोगी पडतं.

आणखी एक अडचण. या रेडिओवर दोघे एकदम बोलले, तर ऐकणाऱ्याला नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं, क्षणभर थांबून बोलायचं आणि बोलून झालं की लगेच सोडायचं.

आता प्रत्यक्ष वाक्य. समजा, इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीला उतरायचंय: ‘क्विन्सी ट्रॅफिक, सेसना वन टू थ्री अल्फा ब्राव्हो, टेन माइल्स ईस्ट, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड, इनबाउंड, विल एंटर लेफ्ट डाउनविंड रनवे वन थ्री, क्विन्सी.’ कुणाला उद्देशून, मी कोण, कुठे, किती उंच, काय करणार आणि पुन्हा गावाचं नाव. यात नमस्कार नाही, हवापाणी नाही. विमानाचा प्रकार सांगायचा, कारण सेसना आणि जेट यांच्या वेगात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. रंग मात्र क्रमांकाच्या जागी सांगू नये, असं अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन बजावतं. अनेक वैमानिक तरीही ‘लाल-पांढरी सेसना’ म्हणतात. दहा मैलांवरून कुणाला लाल दिसणार आहे, हा प्रश्न मला पडतो.

येताना पहिली हाक साधारण दहा मैलांवरून द्यायची. मग धावपट्टीभोवतीच्या आयताकृती फेरीत, जी जमिनीपासून बहुधा हजार फुटांवर आणि वेगळी सूचना नसेल तर डावीकडे वळत घेतात, प्रत्येक टप्प्यावर एकेक. धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाताना डाउनविंड, आडवं वळल्यावर बेस, समोर धावपट्टी आली की फायनल. निघताना टॅक्सी सुरू करण्याआधी आणि धावपट्टीवर जाण्याआधी सांगायचं. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ‘क्लिअर ऑफ रनवे वन थ्री’ ही उतरल्यानंतरची हाक. शिकाऊ वैमानिक तीच विसरतो, कारण त्याच्या मते काम संपलेलं असतं. मागून येणाऱ्याचं मात्र तिथूनच सुरू होतं.

याच क्विन्सीत १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी युनायटेड एक्सप्रेसचं बीचक्राफ्ट १९०० धावपट्टी १३ वर उतरायला येत होतं. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ४ वर एक किंग एअर निघण्याच्या तयारीत होतं आणि त्याच्या मागे एक छोटं पायपर चेरोकी. बीचक्राफ्टने विचारलं, धावपट्टी ४ वरचं विमान थांबणार की निघणार? किंग एअर गप्प. उत्तर आलं मागच्या चेरोकीकडून. त्याने आपला क्रमांक सांगितला आणि निघण्यासाठी थांबलोय म्हणाला. नेमक्या त्याच वेळी बीचक्राफ्टच्या कॉकपिटमधला यंत्राचा आवाज ‘टू हंड्रेड’ अशी उंची पुकारत होता. त्याखाली वाक्याचा तुकडा बुडाला. जे कानी पडलं त्यात ‘किंग एअर’ हे शब्दही होते. बीचक्राफ्टच्या वैमानिकांना वाटलं, किंग एअरच आपल्यासाठी थांबलंय. त्यांनी आभारही मानले. किंग एअर धावत सुटलं, दोन्ही विमानं छेदाच्या जागी आदळली. बीचक्राफ्टमधले १२ आणि किंग एअरमधले २, कुणीही वाचलं नाही.

चौकशीत मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर आला: त्यांनी फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही किंवा आजूबाजूला नीट पाहिलं नाही. पण चेरोकीचं तुटलेलं उत्तरही कारणांत धरलं गेलं. तो खोटं काही बोलला नव्हता, इतकंच की प्रश्न त्याला नव्हता. ‘मी चेरोकी, किंग एअरच्या मागे, पुढच्याचं मला माहीत नाही’ एवढं स्पष्ट आलं असतं तर? आणि बीचक्राफ्टने ‘किंग एअर, तुम्हीच बोललात का?’ असं उलट विचारलं असतं तर? प्रश्न विमानाचं नाव घेऊन विचारावा, उत्तर त्याच विमानाचं आहे याची खात्री पटली नाही तर पुन्हा विचारावं. त्यात पाच सेकंद जातात, तेवढी जाऊ द्यावीत.

काही सवयी मात्र निव्वळ अडगळ. ‘एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइस’ हे त्यांतलं सगळ्यांत लाडकं वाक्य. ते वापरू नका, असं अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलंय. सगळ्यांनी उत्तर दिलं तर शिट्टी, नाही दिलं तर ‘कुणी नाही’ असा खोटा दिलासा. ‘टेकिंग द ॲक्टिव्ह’ तसंच. कोणती धावपट्टी ते आकड्यानेच सांगावं. उपकरणांवर येणारे काही वैमानिक नकाशावरच्या बिंदूचं पाच अक्षरी नाव सांगतात. शिकाऊ पोराला ते ठाऊक नसतं. मैल आणि दिशा सांगितली, तर तो निदान त्या बाजूला बघेल.

आणि सगळं व्यवस्थित बोलूनही पुरत नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला दोन्ही वैमानिक फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. एक छोटं सेसना १५२ फेरीत होतं; दोन इंजिनांचं सेसना ३४० सरळ फायनलवर, त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने येत होतं. ते झपाट्याने मागून येतंय, हे छोट्या विमानाच्या वैमानिकाने बोलूनही दाखवलं. तरी टक्कर झाली, तिघं गेले. चौकशीने ठपका ठेवला तो मोठ्या विमानाच्या वैमानिकाने दुसरं विमान पाहून टाळलं नाही यावर. ‘फायनल’ म्हणताना किती मैलांवर आणि सरळ येतोय की फेरीतून, हे सांगणं म्हणूनच महत्त्वाचं. ऐकणाऱ्यानेही मैलांची मिनिटं करून बघावीत: ताशी १८० सागरी मैलांच्या वेगाने तीन मैल म्हणजे एक मिनिट.

शिवाय अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओ कायद्याने सक्तीचा नाही. १९४० च्या सुमाराच्या पिवळ्या पायपर कबमध्ये वीजयंत्रणाच नसते. ते आजही उडतात, एक शब्द न बोलता, हक्काने. म्हणून हाक दिल्यावर खिडकीबाहेर बघायचंच.

जाणाऱ्यांनी सरावाला इथूनच सुरुवात करावी. विमानतळाचा नकाशा जमिनीवर खडूने काढायचा, त्यावरून चालायचं आणि प्रत्येक वळणावर मोठ्याने बोलायचं. शेजारी हसतील, हसू देत. वेगाने बोलण्याचा हट्ट नको. अमेरिकन प्रशिक्षकाची नक्कल करताना आकडेच गिळले जातात. आणि ऐन वेळी शब्द अडलेच, तर ‘अं... अं...’ करत बटण धरून ठेवू नये. सोडावं, विमान सांभाळावं, मग गावाच्या नावापासून पुन्हा सुरू करावं.