पुस्तकांची दुकाने, साखळी व स्वतंत्र

एकाच नावाने व समान पद्धतीने अनेक ठिकाणी चालविल्या जाणाऱ्या दुकानांना ‘साखळी दुकाने’ म्हणतात. स्वतंत्र दुकानात ग्रंथांची निवड मालक स्वतः करतो. साखळीची खरेदी मोठी असल्याने तिला प्रकाशकांकडून अधिक सवलत मिळू शकते. शिवाय खेळणी, लेखनसाहित्य इत्यादींच्या विक्रीचा आधार असतो. स्वतंत्र विक्रेत्याचे बळ वाचकांशी असलेल्या परिचयात असते.

टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये मुंबईतील स्ट्रँड चित्रपटगृहात स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. पुढे तो फोर्ट भागात आला. छापील किंमतीवर सूट हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९९२ मध्ये मुंबईतच क्रॉसवर्ड ही साखळी निघाली. पुढे आंतरजालावरील विक्रीने दोन्ही प्रकारच्या दुकानांपुढे आव्हान उभे केले. स्ट्रँड २०१८ मध्ये बंद झाला.

जुन्या वस्तीचा पुनर्विकास होऊन तेथे धनिक वर्ग आला, की जागांची भाडी वाढतात व नेहमीचे ग्राहक पांगतात. पुस्तकाची किंमत छापील असल्याने वाढीव भाडे ग्राहकाकडून वसूल करता येत नाही; उलट, स्पर्धेमुळे सूट द्यावी लागते. या दुहेरी ताणात लहान दुकानाचा नफा नाहीसा होतो.

फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सूट ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. भारतात असा कायदा नाही. त्यामुळे मंद खपाचे, परंतु मोलाचे ग्रंथ दुकानात ठेवणे विक्रेत्याच्या आर्थिक कुवतीवरच अवलंबून राहते.