सडपातळ संगणकाचें नवें कार्ड

स्थापत्याचीं त्रिमिती चित्रें काढतांना आमच्या दापोडीच्या घरांतील सडपातळ डेस्कटॉप अडखळूं लागला, तेव्हां धाकट्या पुतण्यानें त्यांत नवें ग्राफिक्स कार्ड घालण्याचें ठरविलें. दुकानदाराच्या भरवशावर आणलेलें कार्ड पेटींत मावेचना! पूर्ण उंचीचें कार्ड सुमारें ११ सेंटिमीटर असतें. अशा पेटींत सुमारें ७ सेंटिमीटरांचें ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसतें, आणि त्याची मागील पट्टीहि आखूडच लागते. जाडीहि मोजावी, कित्येक कार्डें दोन खांचांची जागा अडवितात.

विजेचा प्रश्न याहून नाजूक. मदरबोर्डावरील खांचेंतून कार्डास फार तर ७५ वॅट मिळतात, व सडपातळ यंत्रांत कार्डासाठीं निराळी वीजतार बहुधा नसतेच. एनव्हिडियाचें २०२४ सालीं निघालेलें ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० सुमारें ७० वॅटांवर चालतें. त्याचाच लो प्रोफाइल नमुना मागविला. तो बिनतक्रार बसला, आणि चित्रें आतां झरझर फिरतात.

येथील एस. टी. च्या कारखान्यांत चेसिसच्या मापानें गाडीचा सांगाडा बांधतात. आम्हीं मात्र खरेदी आधीं केली, फूटपट्टी मागाहून काढली! पहिलें कार्ड परत घेण्यास दुकानदार राजी नाहीं. तें माझ्या कपाटांत, शब्दकोशाशेजारीं, खोक्यासह पडून आहे.